दुसऱ्या कॉलेजातली खेळाडू संघात घेताना

आज आपण एका खेळाबद्दल बोलणार आहोत. खेळ आहे सॉफ्टबॉल आणि देश आहे अमेरिका. तुम्ही म्हणाल, एवढ्या लांबचं आम्हाला कशाला? पण गोष्ट अशी आहे, की तिथल्या कॉलेजांतल्या मुली एका कॉलेजचा संघ सोडून दुसऱ्यात जातात. त्यांना घेणारी प्रशिक्षक मंडळी कशी पारख करतात, काय विचारतात, कुठे फसतात, हे ऐकलं की आपल्या गटातल्या कितीतरी गोष्टी आठवतात. दुसऱ्या बचत गटातली बाई आपल्या गटात यायचं म्हणते, तेव्हा आपण काय बघतो? हप्ते वेळेवर भरले का, बैठकीला येते का, आणि मुख्य म्हणजे, तिकडचा गट का सोडला. तिथंही असंच चालतं. फरक इतकाच, की तिथं हिशेब फार बारीक असतो आणि अलीकडे पैसाही फार आला आहे.

आधी खेळ थोडक्यात. ज्यांच्या मुली शाळेत सॉफ्टबॉल खेळतात त्यांना ठाऊक आहेच, कारण आपल्याकडच्या शालेय क्रीडा स्पर्धांत हा खेळ आहे. 1887 साली शिकागोत एका बोट क्लबच्या बंद हॉलमध्ये तो सुरू झाला. बॉक्सिंगचा हातमोजा दोरीनं बांधून त्याचा चेंडू केला आणि झाडूचा दांडा झाली बॅट. आता चेंडू पिवळा असतो, त्याचा घेर बारा इंच. एका बाजूला नऊ जणी, सात डाव. चेंडू फेकणारी ती पिचर. ती हात पवनचक्कीसारखा गोल फिरवून कमरेखालून चेंडू सोडते, त्रेचाळीस फुटांवरून. चांगल्या पिचरचा चेंडू ताशी शंभर-एकशेदहा किलोमीटरनं येतो. म्हणजे बॅट धरलेल्या मुलीला अर्धा सेकंदसुद्धा मिळत नाही. एवढ्या वेळात चेंडू वर उठणार, खाली बसणार की हळू येणार ते ओळखायचं आणि बॅट फिरवायची. म्हणून या खेळात एक चांगली पिचर म्हणजे अर्धा संघ.

अमेरिकेत 1972 साली कायदा झाला. सरकारी पैसा घेणाऱ्या शाळा-कॉलेजांनी मुलगा-मुलगी भेद करायचा नाही, असा. त्यातून कॉलेजांत मुलींचे संघ वाढले आणि खेळासाठी शिष्यवृत्त्या मिळू लागल्या. तिथलं कॉलेजशिक्षण महाग. बऱ्याच घरांत मुलगी चांगली खेळते म्हणूनच ती पदवीपर्यंत पोचते. ही गोष्ट ध्यानात ठेवा, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. मुलगी संघ बदलते तेव्हा नुसती जर्सी बदलत नाही. तिचं शिक्षण, राहणं, जेवणखाण, सगळंच हलतं.

पूर्वी संघ बदलणं अवघड होतं. दुसऱ्या कॉलेजशी बोलायलाही जुन्या कॉलेजची परवानगी लागायची, आणि रागावलेला प्रशिक्षक ती अडवूनही ठेवायचा. 2018 च्या ऑक्टोबरात तिथल्या कॉलेज क्रीडा संघटनेनं एक संगणकावरची यादी सुरू केली. तिला ट्रान्सफर पोर्टल म्हणतात. मुलीनं आपल्या कॉलेजला लेखी कळवायचं, की मला जायचं आहे. कॉलेजनं कामकाजाच्या दोन दिवसांत तिचं नाव यादीत घालायचं. नाव आलं की दुसरे प्रशिक्षक तिला फोन करू शकतात. त्याआधी नाही. आधी केला तर तो नियमभंग. आतून निरोप जातात अशी कुजबुज दर हंगामात होते, तो भाग वेगळा. मग 2021 साली सगळ्याच खेळांत एकदा बदललं तरी लगेच खेळता येईल असं झालं, आणि 2024 पासून कितीही वेळा बदला, फक्त अभ्यास ठीक असला पाहिजे, असा नियम आला.

आपल्या कबड्डी लीगमध्ये खेळाडूंचा लिलाव होतो, तो आपण टीव्हीवर बघतो. हा लिलाव नव्हे. इथं मुलगी स्वतः नाव घालते आणि कुठे जायचं हेही तीच ठरवते. आम्हाला हे बरं वाटतं. पण याला दुसरी बाजू आहे. नाव यादीत गेलं की जुनं कॉलेज तिची पुढची शिष्यवृत्ती थांबवू शकतं, तिची जागा दुसरीला देऊ शकतं. नवीन कॉलेजनं बोलावलं नाही, तर ती ना इकडची ना तिकडची. अशा मुली असतात, आणि त्यांची बातमी होत नाही.

आता प्रशिक्षकाच्या बाजूनं बघू. हंगाम संपत आला की ठरावीक दिवसांसाठी यादी खुली होते. रोज नवीन नावं येतात. वेळ थोडा असतो. शाळेतल्या मुलीला निवडताना तिला दोन-तीन वर्षं बघायला मिळतं. इथं कधीकधी आठवड्यात निर्णय. मग सुरुवात कुठून करायची? पुष्कळांना वाटतं, सगळ्यात जास्त धावा कोणाच्या ते बघावं. जाणते प्रशिक्षक आधी आपल्याच घरात बघतात. कोण पदवी घेऊन जाणार, कोणती जागा रिकामी होणार, आपल्याकडे डावखुरी पिचर आहे का, कॅचर एकच आहे आणि तिचा गुडघा दुखतो का. घरात डाळ भरपूर असताना बाजारातून आणखी डाळ आणली, तर मीठ कुठून येणार? 2025-26 पासून सॉफ्टबॉलच्या संघात पंचवीसच मुली ठेवायच्या, अशी मर्यादा बऱ्याच मोठ्या कॉलेजांना आली आहे. म्हणून एकेक जागा मोजून द्यावी लागते.

मग आकडे. इथं जरा थांबूया, कारण आकडे खोटं बोलत नाहीत असं म्हणतात, पण अर्धवट बोलतात हे नक्की. एक हिशेब मांडून बघू. समजा एक मुलगी शंभर वेळा मारायला उभी राहिली आणि पस्तीस वेळा चांगला फटका मारून पहिल्या बेसवर पोचली. शिवाय पाच वेळा पिचरनं वाईट चेंडू टाकले म्हणून तिला फुकट बेस मिळाला. दुसऱ्या मुलीचे शंभरात तीसच फटके. पण ती वाईट चेंडूला बॅटच लावत नाही, त्यामुळे तिला पंचवीस वेळा फुकट बेस मिळाला. वर्तमानपत्रात पहिलीचं नाव वर येणार, कारण पस्तीस तिसापेक्षा मोठे. आता फुकटचे बेस धरून मोजा. पहिली एकशेपाच वेळांत चाळीसदा बेसवर, म्हणजे शेकडा अडतीस. दुसरी एकशेपंचवीस वेळांत पंचावन्नदा, म्हणजे शेकडा चव्वेचाळीस. संघाला धावा हव्यात, आणि बेसवर पोचल्याशिवाय धाव नाही. दुसरी मुलगी जास्त उपयोगाची, आणि तिच्याकडे इतरांचं लक्ष नसल्यानं मिळायलाही सोपी.

पिचरचाही असाच हिशेब असतो. तिच्या चुकीनं, म्हणजे क्षेत्ररक्षण करणाऱ्यांची चूक वगळून, किती धावा गेल्या ते घ्यायचं, त्याला सातनं गुणायचं आणि ती जितके डाव खेळली त्यानं भागायचं. एकशेचाळीस डावांत तीस धावा गेल्या, तर उत्तर येतं दीड. म्हणजे एका पूर्ण सामन्याला दीड धाव. हे फार छान. पण ते कोणासमोर? दुबळ्या गटातल्या संघांना बाद करून आलेला दीड आणि ओक्लाहोमासारख्या संघासमोर आलेला अडीच यांत आम्ही दुसरा घेऊ. म्हणून प्रशिक्षक सगळ्या सामन्यांची बेरीज बाजूला ठेवतात आणि बलवान संघांसमोरचे सामने वेगळे काढून बघतात. आणखी एक. वीस वेळाच मारायला मिळालेल्या मुलीचे आकडे, चांगले असोत की वाईट, त्यावरून काही ठरवू नये. एका महिन्याच्या दुधावरून म्हशीची किंमत आपणही ठरवत नाही.

आकड्यांनंतर चित्रफीत. आता बहुतेक सामने चित्रित होतात. मुलींनी स्वतः जोडून पाठवलेल्या चित्रफितीत सगळे होमरनच असतात, साहजिक आहे. लग्नाच्या स्थळासाठी पाठवलेला फोटो कोणी रडताना काढत नाही. म्हणून पूर्ण सामना मागवून बघायचा. साधा, जमिनीवरून गेलेला चेंडू मारल्यावर ती जीव तोडून पळते का, की बाद होणार म्हणून मध्येच पाय ढिले सोडते. हातून चेंडू सुटल्यावर पुढच्या चेंडूला तिचा चेहरा कसा आहे. दुसरीकडे फेकलेला चेंडू निसटला तर मागं उभं राहायला ती धावली का. हे कुठल्याच तक्त्यात येत नाही. आणि ज्या दिवशी तिला खेळवलं नाही, त्या दिवशी ती बाकावर काय करत होती? कठड्याला उभी राहून ओरडत होती, की टोपी डोळ्यांवर ओढून बसली होती?

मग फोन. आमच्या मते सगळ्यात मोठं काम हेच. मुलीला विचारायचं, तू का निघालीस? कारणं नाना असतात. कोणाला घराजवळ यायचं असतं. जॉर्डी बाल ही पिचर ओक्लाहोमाकडून 2022 आणि 2023 अशी दोन वर्षं देशाचं विजेतेपद जिंकली, दुसऱ्या वर्षी अंतिम स्पर्धेची सर्वोत्तम खेळाडूही ठरली, आणि लगेच ते सोडून आपल्या नेब्रास्का राज्यात परत गेली. जिंकणारा संघ कोण सोडतं, असं लोकांना वाटलं. पण माहेरच्या ओढीला हिशेब नसतो. नेब्रास्काकडून पहिल्याच सामन्यात तिचा गुडघा जायबंदी झाला आणि 2024 चा सगळा हंगाम गेला. 2025 ला ती परत उभी राहिली. घेणाऱ्या कॉलेजनं हेही गृहीत धरायचं असतं. दुखापत कोणाच्या हातात नाही, पण जुन्या दुखापतींचे कागद बघणं हातात असतं, आणि तेही मुलीच्या संमतीनं.

कोणाला खेळायलाच मिळत नसतं. हे कारण प्रामाणिक आहे, फक्त का मिळत नव्हतं ते बघायचं. पुढं देशातली उत्तम खेळाडू उभी होती म्हणून, की सरावाला उशिरा यायची म्हणून? कोणाचा प्रशिक्षक निघून गेलेला असतो. कोणाला तिथं अपमान, छळ सोसावा लागलेला असतो आणि ती ते पहिल्या फोनवर सांगत नाही. इथं प्रशिक्षकानं घाई केली तर चुकीचा अर्थ निघतो. गप्प बसणारी मुलगी तुसडी आहे असं वाटतं, आणि ती भेदरलेली असते. म्हणून तिच्या शाळेतल्या जुन्या प्रशिक्षकांना, सुट्टीत जिथं खेळते त्या क्लबातल्या लोकांना विचारतात. नुसत्या जुन्या कॉलेजवर भरवसा ठेवत नाहीत, कारण सोडून जाणारीबद्दल कोण धड बोलतं? सोडून आलेल्या सुनेबद्दल सासरी विचारण्यासारखंच ते. सगळ्या संस्थांना नावं ठेवणारी मुलगी मात्र जपून घ्यावी. तिसऱ्यांदा बदलते आहे आणि तिन्ही वेळा दोष दुसऱ्याचाच, असं असेल तर चौथ्यांदा तो आपला असणार.

आता अशी एक गोष्ट सांगतो, जिच्याकडे मुली आणि आईवडील दोघंही काणाडोळा करतात. अभ्यासाचे गुण. तिथं पदवीसाठी साधारण एकशेवीस क्रेडिट लागतात, म्हणजे अभ्यासाचे एकक म्हणा. खेळायची परवानगी हवी, तर दोन वर्षं संपेपर्यंत पदवीचा चाळीस टक्के भाग पुरा झाला पाहिजे, तीन वर्षांत साठ टक्के, चार वर्षांत ऐंशी. समजा एका मुलीनं दोन वर्षांत साठ क्रेडिट कमावली. छान. पण नवीन कॉलेज म्हणालं, तुझे हे विषय आमच्या पदवीत बसत नाहीत, आम्ही चाळीसच धरतो. हवीत अठ्ठेचाळीस. झालं! संघात नाव आहे, हातात बॅट आहे आणि मैदानात उतरता येत नाही. म्हणून शहाणा प्रशिक्षक तिचा फटका बघण्याआधी गुणपत्रक मागतो आणि कॉलेजच्या नोंदणी कार्यालयाकडून लेखी घेतो, की किती धरणार. शिवाय किती वर्षं शिल्लक आहेत तेही बघावं लागतं. नियम असा, की पाच वर्षांत चारच हंगाम खेळायचे. चौथ्या वर्षाची मुलगी घेतली तर ती एका हंगामापुरती पाहुणी.

पाहुणीही कधी सोनं करून जाते. ओक्लाहोमा स्टेट आणि ओक्लाहोमा ही एकाच राज्यातली दोन विद्यापीठं, हाडाचे वैरी. केली मॅक्सवेल ही डावखुरी पिचर शेवटच्या हंगामासाठी ओक्लाहोमा स्टेट सोडून ओक्लाहोमाकडे गेली. जुन्या गावात लोकांनी किती बोटं मोडली असतील! 2024 ला ओक्लाहोमानं ओळीनं चौथं विजेतेपद घेतलं आणि अंतिम स्पर्धेची सर्वोत्तम खेळाडू ठरली मॅक्सवेल. त्या संघाला नेमकी एक अनुभवी पिचर हवी होती, आणि नेमकी तीच आणली.

आता पैशाकडे वळू. 2021 च्या जुलैपासून कॉलेजच्या खेळाडूंना आपलं नाव आणि चेहरा वापरू देण्याचे पैसे घेता येतात. सॉफ्टबॉलमध्ये मोठा आकडा कोणी ऐकला नव्हता. 2024 साली निजारी कॅनडी ही पिचर स्टॅनफर्ड सोडून टेक्सास टेकला गेली आणि तिचा एका वर्षाचा करार झाला 10,50,024 डॉलरचा. दहा लाख कराराचे, पन्नास हजार राहण्या-खाण्याचे आणि वरचे चोवीस कशाचे? तिच्या जर्सीचा नंबर 24! आपल्या रुपयांत तेव्हाच्या भावानं साधारण पावणेनऊ कोटी. मुलीच्या खेळाला एवढा पैसा, याचं आम्हाला अप्रूप वाटतं, आणि तो तिचा हक्कच. पण बाकीच्यांचं काय होतं तेही बघावं. त्याच काळात सॉफ्टबॉलच्या संघाला सगळ्या मिळून बारा पूर्ण शिष्यवृत्त्या द्यायची मर्यादा होती, आणि त्या वीसेक मुलींत वाटल्या जायच्या. कोणाला अर्धी फी, कोणाला पुस्तकांपुरती.

मग ती एकटी संघाला किती पुढं नेऊ शकली? पुष्कळ. टेक्सास टेक देशाच्या अंतिम आठ संघांत कधीच आला नव्हता. 2025 ला तो थेट अंतिम फेरीत गेला. उपांत्य सामन्यात त्यांनी चार वर्षं अजिंक्य असलेल्या ओक्लाहोमाला 3-2 असं हरवलं. ती विजयी धाव काढली मिहिया डेव्हिसनं, लॉरेन ऑलरेडच्या उंच फटक्यावर. या दोघीही बदलून आलेल्या, लुइझियानाहून. टेकचे नवे प्रशिक्षक जेरी ग्लास्को तिथूनच आले होते. म्हणजे त्यांनी या मुलींची चित्रफीत बघण्यात वेळ घालवला नाही, त्या रोज डोळ्यांसमोर होत्या. आमच्या मते त्या वर्षातली ही सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात पक्की पारख.

अंतिम फेरीत समोर टेक्सास. पहिल्या सामन्यात टेक पुढं होता. टेक्सासच्या भरवशाच्या फटकेबाजाला, रीस ॲटवुडला, मुद्दाम बाहेर चेंडू टाकून फुकट बेस द्यायचं ठरलं. एक चेंडू पुरेसा बाहेर गेला नाही. ॲटवुडनं हात लांबवून तो मारला, दोन धावा आल्या आणि टेक्सास 2-1 नं जिंकलं. दुसरा सामना टेकनं 4-3 असा घेतला. पण स्पर्धेचा जवळजवळ सगळा भार कॅनडीच्या एका हातावर होता. तिसऱ्या सामन्याच्या पहिल्याच डावात टेक्सासनं पाच धावा काढल्या आणि तिला बाहेर बसवावं लागलं. 10-4. विजेतेपद टेक्सासचं, त्यांचं पहिलंच. आणि सर्वोत्तम खेळाडू ठरली टीगन कावन. ती कुठून बदलून आली नव्हती. शाळेतून सरळ टेक्सासला आलेली, दुसऱ्या वर्षाची पोर.

यावरून टेकनं काय केलं? त्या उन्हाळ्यात पुन्हा यादी उघडली आणि आणखी नावाजलेल्या मुली आणल्या, त्यांत यूसीएलएची दुसरी एक पिचरही. कॅनडीचा हात एकटा राहू नये, हा हिशेब उघड आहे.

पण पंचवीसच्या संघात दोन-चार तयार मुली आल्या की तितक्याच जागा जातात, आणि त्या बहुतेक शाळेतून येऊ पाहणाऱ्या सतरा-अठरा वर्षांच्या मुलींच्या किंवा बाकावर वाट बघणाऱ्या दुसऱ्या वर्षाच्या मुलींच्या असतात. प्रशिक्षकाची नोकरी जिंकण्यावर, म्हणून त्याला बावीस वर्षांची तयार खेळाडू बरी वाटते. शिकवून तयार करायला तीन वर्षं कोण थांबणार? आम्हाला यातली खरी खोट इथं दिसते. आपल्याकडे बाहेरून आयता मसाला आणायला लागलं, की घरात कुटायचं कोणी शिकत नाही.

मुलीच्या बाजूनंही पारख व्हायला हवी. प्रशिक्षक फोनवर गोड बोलतात. तिथल्या अनुभवी आया मुलींना सांगतात, की पाच गोष्टी सरळ विचार. माझ्याच जागेवर खेळणाऱ्या किती जणी तुमच्याकडे आहेत, आणि आणखी किती जणींशी तुम्ही आज बोलताय? शिष्यवृत्ती एका वर्षाची की पदवी होईपर्यंत, आणि ते कागदावर आहे का? माझी किती क्रेडिट धरणार? मला दुखापत झाली तर औषधपाण्याचा खर्च कोण करणार? आणि तुमच्या संघातून गेल्या वर्षी ज्या मुली सोडून गेल्या, त्यांच्यापैकी एकीचा नंबर द्याल का? या शेवटच्या प्रश्नाला प्रशिक्षक किती वेळ गप्प राहतो, ते मोजायचं.